शिनिगे प्लाटेची आल्पाइन बाग: इंटरलाकेनला जाणाऱ्यांनी एक दिवस इथे द्यावा

स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला उतरणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. सकाळी युंगफ्राउयोख, वर बर्फात फोटो, संध्याकाळी परत, दुसऱ्या दिवशी लुसर्न. बर्फ बघायला हरकत काहीच नाही, मीही बघितला. पण त्याच गावाशेजारून एक दातेरी रुळांची छोटी गाडी दुसऱ्या डोंगरावर जाते आणि त्या डोंगराच्या माथ्याशी आल्प्समधल्या रानफुलांची एक बाग आहे. शिनिगे प्लाटेची आल्पाइन बाग. माझ्या मते त्या भागात पाहण्यासारखं याहून चांगलं काही नाही, आणि ज्यांना झाडापेडांची थोडीसुद्धा आवड आहे त्यांनी ती चुकवली तर मला मनापासून वाईट वाटेल. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. लेक बर्नला असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी, यजमान आणि लेक असे तिघं वर गेलो. आयुष्यभर फळ्यावर काढलेल्या आकृत्या इथे मुळासकट उभ्या दिसल्या, त्यामुळे माझ्या लिहिण्यात उत्साह जास्त वाटला तर तो खराच आहे.

आधी गाडीबद्दल, कारण बागेचा पहिला धडा गाडीतच सुरू होतो. इंटरलाकेन ओस्टहून पुढच्याच स्टेशनला, विल्डर्सविलला उतरायचं आणि तिथे ही गाडी धरायची. विल्डर्सविल 584 मीटरवर, वरचं स्टेशन 1967 मीटरवर. मार्ग जेमतेम सव्वासात किलोमीटरचा, 1893 साली सुरू झालेला, 1914 पासून विजेवर. गाडी तासाला थोडा कमी इतका वेळ घेते. तो वेळ डुलकी काढण्यात घालवू नका. खाली रुंद पानांचं बीचचं रान आहे. मग हळूहळू स्प्रूस सुरू होतात, काळपट हिरवे, सरळसोट. मग स्प्रूसमधली अंतरं वाढत जातात, झाडं बुटकी होतात, फांद्या एका बाजूला झुकलेल्या दिसतात, आणि एका वळणानंतर झाडं संपून नुसतं गवत उरतं. उंची हजार मीटरने वाढली की हवा साधारण सहा अंशांनी गार होते. म्हणजे तासाभरात आपण जवळजवळ आठ अंश खाली आलेलो असतो. उत्तरेकडे हजार-दीड हजार किलोमीटर गेल्यावर जो बदल दिसावा, तो इथे खिडकीतून दिसतो.

आमच्याकडे स्विस ट्रॅव्हल पास होता आणि त्यात या गाडीचं पूर्ण भाडं धरलेलं होतं. युंगफ्राउयोखला मात्र पास असूनही वरच्या टप्प्याचे बरेच पैसे वेगळे भरावे लागतात. बागेत शिरायला तिकीट नाही. स्टेशनवरून चार पावलांवर फाटक आहे आणि समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ हे तिघं ओळीने उभे. यजमानांनी बाकावर बसून त्यांच्याकडे बघत राहणं पसंत केलं आणि तेही चूक नव्हतं.

बागेचं वेगळेपण तिच्या मांडणीत आहे. बहुतेक वनस्पती उद्यानांत झाडं कुळांप्रमाणे लावतात: इकडे गुलाबकुळ, तिकडे सूर्यफूलकुळ. शोभेच्या बागांत रंगांप्रमाणे. इथे 1920च्या दशकाच्या अखेरीस बाग आखणाऱ्यांनी ठरवलं, की वनस्पती निसर्गात ज्या शेजाऱ्यांबरोबर आणि ज्या जागी राहते त्याच सोबतीत ती दाखवायची. त्यामुळे इथे वाफे नाहीत, वस्त्या आहेत. खडकाच्या फटीतली वस्ती, घसाऱ्यावरची वस्ती, बर्फ उशिरा वितळतो त्या खोलगट जागेतली वस्ती, वाऱ्याच्या धारेवरची, आखूड गवताच्या कुरणातली, गुरं बसतात त्या खतावलेल्या जागेतली. आल्प्समध्ये झाडांच्या हद्दीवर वाढणाऱ्या शेकडो जाती या एका उतारावर आहेत. आणि या मांडणीमुळेच एक गोष्ट डोळ्यांना दिसते, जी पुस्तकातून कळायला मला बरीच वर्षं लागली होती: ‘उंच डोंगरावरचं हवामान’ असं एकच हवामान नसतंच. दहा पावलांवर दुसरं हवामान असतं आणि त्याला पुरून उरणारी दुसरी वनस्पती असते.

झाडं या उंचीला का संपतात, इथूनच सुरुवात करावी. बाझेल विद्यापीठाचे क्रिस्तियान कर्नर यांनी जगभरच्या डोंगरांवर वृक्षरेषेचं, म्हणजे झाडं जिथे संपतात त्या उंचीचं, तापमान मोजलं. विषुववृत्ताजवळ ती चार हजार मीटरवर, आल्प्समध्ये दोन हजाराच्या आसपास, उत्तरेला आणखी खाली. पण वाढीच्या हंगामातलं सरासरी तापमान मात्र सगळीकडे सहा-साडेसहा अंशांच्या जवळ. त्याहून थंडीत प्रकाशसंश्लेषण चालू राहतं, साखर तयार होते, पण तिच्यापासून नव्या पेशी, नवं लाकूड बनवण्याचं काम ठप्प होतं. उंच झाड वाऱ्यात उभं असतं, त्यामुळे हवा जितकी थंड तितकंच तेही थंड. जमिनीला चिकटलेल्या रोपाचं तसं नाही. उन्हात जमीन तापते, रोपाच्या दाट पानांत ती ऊब अडकते, वारा वरून निघून जातो. म्हणजे बुटकेपणा हा इथे उपासमारीचा परिणाम नाही. बुटकी रोपं स्वतःचं वेगळं हवामान तयार करून त्यात राहतात.

याचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे सिलेनी अकॉलिस. हिरव्या उशीसारखा घट्ट गोल गठ्ठा आणि त्यावर पसरलेली बारीक गुलाबी फुलं. ऊन असलेल्या दिवशी अशा गठ्ठ्याच्या आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त असू शकतं. वाळलेली पानं हे रोप टाकून देत नाही, ती आतच कुजतात आणि त्याचीच माती होते. सोटमूळ खोल दगडांत. गठ्ठ्याची दक्षिणेकडची बाजू आधी तापते म्हणून फुलं त्या बाजूला आधी येतात, आणि त्यावरून दिशा ओळखता येते असं जुने लोक सांगत. वाढ इतकी संथ की ताटलीएवढा गठ्ठा माणसापेक्षा वयाने मोठा असू शकतो. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले ती उठेचना. लेक म्हणाली, “आई, अजून सगळी बाग बघायची आहे.” तिचं बरोबर होतं.

गंमत म्हणजे अशी उशी करण्याची युक्ती एकाच कुळाने शोधलेली नाही. शेजारीच प्रिम्युला कुळातली अँड्रोसेस आहे, पलीकडे सॅक्सिफ्रागा आहेत, आणि हिमालयात, अँडीजमध्ये, न्यूझीलंडमध्ये अगदी परक्या कुळांतल्या वनस्पती याच आकाराला येऊन पोहोचल्या आहेत. वारा, थंडी आणि कोरडेपणा सारखाच असला की उत्तरही सारखंच निघतं. वर्गात अभिसारी उत्क्रांती शिकवताना मला नेहमी निवडुंग आणि आफ्रिकेतले युफोर्बिया आठवायचे. आता शिकवायला गेले तर आधी या उशा सांगेन.

तिथून खाली खोलगट भागात या. इथे बर्फ सर्वांत शेवटी वितळतो. आम्ही गेलो तेव्हाही कडेला माती ओली, काळीशार होती आणि तिच्यात सोल्डानेला फुललेली होती, जांभळी, झालर कापल्यासारख्या कडांची खाली मान घातलेली घंटी. इथल्या वनस्पतींना वर्षात दोन-तीन महिनेच मिळतात. कळी तयार करायला त्यांना या वर्षी वेळ नसतो, म्हणून ती मागच्या उन्हाळ्यातच बनवून ठेवलेली असते आणि बर्फाखाली वाट बघत असते. बर्फ पातळ झाला की ती त्यातूनच वर येते. याच जागी सॅलिक्स हर्बेशिया ही विलोची जात आहे. विलो म्हणजे नदीकाठचा मोठा वृक्ष. पण याचं खोड आणि फांद्या जमिनीखाली आहेत आणि वर फक्त नखाएवढी दोन-दोन पानं. हा वृक्ष आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि कळल्यावर माणूस पायाखाली बघून चालायला लागतो.

बर्फ या वनस्पतींचा शत्रू आहे असं आपल्याला वाटतं. खरं तर जाड बर्फाखाली तापमान शून्याच्या आसपास टिकून राहतं आणि झाकलेलं रोप सुरक्षित असतं. खरी कठीण जागा म्हणजे वाऱ्याची धार, जिथे बर्फ उडून जातो आणि हिवाळाभर रोप उघडं पडतं. तिथे लोइझेल्युरिया ही हीथकुळातली झुडपं आहेत, गालिच्यासारखी जमिनीला घट्ट, चिवट बारीक पानांची. खोलगटातला सॅलिक्स आणि धारेवरची ही लोइझेल्युरिया निसर्गात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असू शकतात, आणि तरी एकीला दुसरीच्या जागी नेऊन लावलं तर तिचं निभणं अवघड.

घसाऱ्यावरची वस्ती सह्याद्रीत भटकणाऱ्यांना लगेच पटेल. पाय टाकला की दगड खाली सरकतात अशा उतारावर रोपाने काय करावं? इथे राउंड-लीव्ह्ड पेनिक्रेस नावाचं फिक्या जांभळ्या फुलांचं रोप आहे. त्याची लांब खोडं दगडांतून सरपटत जातात. एक भाग गाडला गेला की दुसरीकडून डोकं वर काढतं. जवळच लायनेरिया अल्पिना, जांभळं फूल आणि मधोमध भगवा ठिपका. हिच्या फांद्या नाजूक, पण दगड वाहिला की त्याबरोबर वाहायची तिची तयारी असते. फटीत राहणाऱ्या सॅक्सिफ्रागा पॅनिक्युलाटाच्या पानांच्या कडेला पांढरे ठिपके दिसतील, ते नीट बघा. पानातल्या छिद्रांतून चुनायुक्त पाणी बाहेर येतं, पाणी उडून जातं, चुन्याचा कण मागे राहतो.

आता ज्या भागासाठी मी दुसऱ्यांदा तिकीट काढून जाईन, तो भाग. शिनिगे प्लाटेचा हा परिसर चुनखडीचा. आल्प्सच्या इतर भागांत ग्रॅनाइटसारखे सिलिकायुक्त खडक आहेत आणि त्यांच्यावरची माती आम्लधर्मी असते. या दोन खडकांवर दोन वेगळ्या वनस्पतिसृष्टी आहेत, आणि त्यांच्यात जोड्या आहेत. गडद निळी, जमिनीतून थेट उगवल्यासारखी दिसणारी मोठी जेन्शियन सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते. ती एक जात नाही. आम्लधर्मी मातीत जेन्शियाना अकॉलिस, चुनखडीवर जेन्शियाना क्लुसी. फुलाच्या नळीत डोकावून पाहिलं तर अकॉलिसमध्ये आत हिरवट ठिपक्यांच्या रेघा दिसतात, क्लुसीत बहुतेक दिसत नाहीत. निदलपुंजाची, म्हणजे फुलाच्या तळाशी असलेल्या हिरव्या वेष्टनाची, टोकंही वेगळी: क्लुसीची अरुंद, टोकदार त्रिकोणी, अकॉलिसची रुंद आणि तळाशी आवळलेली. आल्पेनरोझचं, म्हणजे आल्प्समधल्या ऱ्होडोडेंड्रॉनचंही तेच. ऱ्होडोडेंड्रॉन फेरुजिनियम आम्ल मातीचा, पानाची खालची बाजू गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची. ऱ्होडोडेंड्रॉन हिर्सुटम चुनखडीचा, पानाच्या कडेला लांब केस. आमच्या वेळी दोन्हींचा बहर ओसरत आला होता पण पानं पुरेशी होती.

यामागचं कारण निव्वळ चव-आवडीचं नाही. आम्लधर्मी मातीत ॲल्युमिनियम विरघळून मुळांना विषारी होतं. ते सहन करण्याची किंवा दूर ठेवण्याची यंत्रणा लागते. चुनखडीवर ॲल्युमिनियमचा त्रास नाही, पण लोह आणि फॉस्फरस मातीत असूनही बांधले गेलेले असतात, आणि ते सोडवून घेता आले नाहीत तर पानं पिवळी पडतात. एक यंत्रणा पत्करली की दुसरीकडे निभाव लागणं कठीण. त्यात शेजारच्याच वरचढ जातीशी स्पर्धा. अशा रीतीने एका पूर्वजापासून दोन वारस होतात आणि एका डोंगररांगेत राहूनही आपापला खडक सोडत नाहीत. पण जिथे दोन्ही खडक एकमेकांना भिडतात तिथे दोन्ही ऱ्होडोडेंड्रॉन शेजारी येतात आणि त्यांचा संकरही सापडतो, दोघांची थोडी थोडी लक्षणं घेतलेला. म्हणजे वेगळं होण्याची ही गोष्ट अजून पुरी झालेली नाही. हे मी लेकीला सांगत होते तेव्हा बाजूला उभं राहिलेलं एक आजी-आजोबांचं जोडपं भाषा कळत नसतानाही मी दाखवत होते ती पानं उलटी-सुलटी निरखायला लागलं.

माती किती काळ आठवण ठेवते याचा पुरावाही याच डोंगरावर आहे. 1930च्या सुमारास वेर्नर ल्युडी या स्विस शास्त्रज्ञाने इथल्या कुरणात छोटे चौकोन आखून काहींत चुना घातला, काहींत खत. प्रयोग थांबला. पण सत्तर वर्षांनी संशोधक परत आले तेव्हा चुना घातलेल्या चौकोनांतली माती आणि वनस्पती शेजारच्यांपेक्षा अजूनही वेगळ्या होत्या. गार हवेत सगळंच सावकाश चालतं. गुरांच्या बसण्याच्या जागी वाढणारा मोठ्या पानांचा रानटी रुमेक्स याच कारणाने गुरं गेल्यावरही कित्येक वर्षं हटत नाही.

कास पठाराजवळ राहणाऱ्या माणसाच्या मनात तुलना आल्याशिवाय राहत नाही. कासलाही माती बोटभर, खाली कातळ. तिथेही पोषण कमी, म्हणून सीतेची आसवे आणि दवबिंदू कीटक पकडून नायट्रोजन मिळवतात. इथे तेच काम पिंग्विक्युला करते. तिची फिकट, चिकट पानं ओलसर जागी जमिनीला चिकटलेली दिसतात आणि त्यावर बारीक किडे अडकलेले असतात. इथवर साम्य. पण कासची सीतेची आसवे, तेरडा, गेंद ही बहुतेक फुलं वर्षायू: पावसात उगवतात, ऑक्टोबरअखेर बी टाकून मरतात, वैशाखातलं रखरखीत ऊन बी होऊन काढतात. इथे वर्षायू शोधून सापडत नाही. गारठ्यात दोन-तीन महिन्यांत उगवून, वाढून, फुलून, बी पिकवणं फार थोड्यांना जमतं. छोटी निळी जेन्शियाना निवालिस हा त्यातला अपवाद. बाकी सगळ्या बहुवर्षायू, जमिनीखाली साठा करून ठेवणाऱ्या, एखाद्या वर्षी बी धरलं नाही तरी चालेल अशा. दोन्हीकडे हंगाम तीन-चार महिन्यांचाच, पण कासला उरलेल्या वर्षाचा प्रश्न पाण्याचा आणि इथे उबेचा. त्यामुळे जगण्याचे हिशेब पार उलटे.

बी पिकायला वेळ पुरत नाही, त्यावरचा एक तोडगा तर मुलांनाही दाखवावा असा आहे. पोआ अल्पिना या गवताचा एक प्रकार आहे, त्याच्या कणसात दाणे येत नाहीत, थेट हिरवी पिल्लं येतात. ओझ्याने काडी वाकते, पिल्लू मातीला टेकतं आणि रुजतं. बिस्टोर्टा विविपारा या पांढऱ्या फुलोऱ्याच्या रोपात वरच्या भागात फुलं आणि खालच्या भागात तांबूस कंदिका, म्हणजे पडून रुजणाऱ्या बारीक गाठी. फुलाला माशी मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर कंदिका आहेतच. दोन्ही रोपं रस्त्याच्या कडेला आहेत आणि लोक एडेलवाइस शोधत त्यांच्यावरून पुढे निघून जातात. थांबा आणि वाकून बघा.

एडेलवाइसही आहे, अर्थात. ज्या पांढऱ्या पाकळ्या वाटतात त्या खरं तर लव असलेली छदं, म्हणजे फुलांच्या तळाशी येणारी पानं, आणि खरी फुलं मधल्या पिवळट बोंडांत दाटलेली. ती लव पाणी उडू देत नाही एवढं आम्ही शिकवायचो. 2005 साली बेल्जियमच्या संशोधकांनी दाखवलं की त्या केसांची अतिसूक्ष्म रचना अतिनील किरण शोषून घेते आणि झाडाला लागणारा उजेड आत जाऊ देते. मला जास्त आवडलेली गोष्ट तिच्या माहेराची. आल्प्सची ओळख समजलं जाणारं हे फूल मूळ आशियातलं. तिच्या गोतातल्या बहुतेक जाती हिमालयात आणि चीनच्या डोंगरांत आहेत. हिमयुगात युरोप-आशियाभर पसरलेल्या थंड, कोरड्या गवताळ प्रदेशातून ती पश्चिमेला आली आणि बर्फ मागे हटल्यावर डोंगरांवर अडकून राहिली. उत्तराखंडात उंचावर चालणाऱ्यांनी तिच्या बहिणी नक्की पाहिलेल्या असतील.

एडेलवाइस सखल भागातल्या चांगल्या मातीत लावली तर ती उंच, विरळ आणि हिरवट होते. मग हा बुटकेपणा जागेमुळे आलेला की रक्तातला? हा प्रश्न वनस्पतिशास्त्रात मोठा होता. एकोणिसाव्या शतकात आंटोन केर्नर यांनी टिरोलच्या डोंगरावर सखल भागातली रोपं लावून पाहिली; ती तिथे बदलली, पण तो बदल पुढच्या पिढीत उतरला नाही. पुढे कॅलिफोर्नियात क्लाउसेन, केक आणि हिसी यांनी एकाच रोपाचे तुकडे करून ते समुद्रसपाटीजवळ, 1400 मीटरवर आणि 3050 मीटरवर लावले. जागेप्रमाणे प्रत्येक तुकडा थोडाफार बदलला. पण डोंगरमाथ्यावरची ॲकिलिया ही रानवनस्पती खाली आणली तरी बुटकीच राहिली, आणि किनाऱ्याजवळची वर नेली तर तिचा टिकाव लागेना. म्हणजे दोन्ही खरं: थोडं वाकणं प्रत्येक रोपाला येतं, आणि त्याखाली पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आलेला पक्का फरक असतो. ही तीन नावं मी इतक्या वर्गांना पाठ करायला लावली आहेत! बागेत ॲकिलिया दिसली तेव्हा मी ती सगळी कहाणी पुन्हा एकदा, या वेळी यजमानांना, पूर्ण सांगितली.

फुलं तोडू नका, हा नियम इथे लोक कसोशीने पाळतात. कारण केवळ शिस्तीचं नाही. पूर्व हिमालयाच्या टोकाला, तिबेट-युन्नानच्या बाजूला सॉसुरिया लॅनिसेप्स ही औषधी वनस्पती आहे, आपल्या ब्रह्मकमळाच्या गोतातली. तिची मोठी मोठी रोपं माणसं उपटत गेली, छोटीच बी टाकायला उरली, आणि शंभरेक वर्षांत तिची उंची घटली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या संग्रहांतले नमुने मोजून हे दाखवलं आहे. माणसाचा हातसुद्धा निवड करतो.

आणि आता हवाही. स्वित्झर्लंडच्या पूर्वेला पीत्स लिनार्ड हे 3410 मीटरचं शिखर आहे. 1835 साली ओस्वाल्ड हेर यांना माथ्यावर एकच फुलझाड सापडलं होतं, अँड्रोसेस अल्पिना. 2011 साली त्याच माथ्यावर सोळा जाती होत्या. युरोपातल्या 302 शिखरांच्या नोंदींचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. वर चढून येणाऱ्या जातींचा वेग गेल्या काही दशकांत कित्येक पटींनी वाढला आहे. ऐकायला हे भरभराटीसारखं वाटतं. पण खालून येणाऱ्या उंच, जोमदार जातींपुढे उशीसारखी संथ रोपं टिकत नाहीत, आणि शिखराच्या वर त्यांना जायला जागा नाही. ज्या गठ्ठ्याला हाताएवढं व्हायला एक आयुष्य लागतं, त्याने दोन-चार दशकांत जुळवून कसं घ्यायचं? सॅक्सिफ्रागा ऑपोझिटिफोलिया स्वित्झर्लंडमधल्याच डोम शिखरावर 4505 मीटरवर फुलते, तिला तूर्त वर जागा आहे. सगळ्यांना डोम मिळणार नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. बाग उतारावर आहे, वाटा अरुंद आणि चढ-उताराच्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी काठी घ्यावी आणि वरचा अर्धा भाग बघून बाकावर बसावं. समोरची तीन शिखरं तिथूनही दिसतात. आम्हाला सगळी बाग बघायला पाऊण दिवस लागला. नुसतं फिरणाऱ्याला तासभर पुरेल, पण मग आलात कशाला असं मी विचारीन. पाट्यांवर लॅटिन नावं आहेत, तेवढ्यावर माझं काम भागलं. ज्यांना नावांची सवय नाही त्यांनी फोनमध्ये वनस्पती ओळखणारं ॲप आधीच उतरवून घ्यावं. साधं दहा पटीचं भिंग न्या. जेन्शियनची नळी, पोआची पिल्लं, सॅक्सिफ्रागाचे चुन्याचे कण, पिंग्विक्युलावरचे किडे, हे सगळं भिंगाशिवाय अर्धं कळतं.

वर हॉटेल आहे, चहा-कॉफी, जेवण मिळतं. आम्ही दशम्या, दाण्याची चटणी आणि गुळाचा खडा नेला होता आणि बागेबाहेर गवतावर बसून खाल्ला. ऊन फसवं असतं: हवा गार लागते आणि नाक-कान भाजून निघतात. टोपी, चष्मा आणि वाऱ्यासाठी एक जाडसर कपडा हवाच. ढग पाहून ठरवा, कारण धुक्यात शिखरं दिसणार नाहीत. फुलं मात्र धुक्यातही तितकीच चांगली दिसतात, म्हणून ज्यांना फुलंच बघायची आहेत त्यांनी ढगांना भिऊ नये.

गाडी साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतच चालते. सोल्डानेला आणि बर्फाकाठची फुलं हवी असतील तर हंगामाच्या सुरुवातीला जा, एडेलवाइससाठी जुलै-ऑगस्ट, दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर जुलैचा पहिला पंधरवडा. सकाळची पहिली गाडी पकडा, दुपारच्या गर्दीआधी वाटांवर निवांतपणे वाकता येतं. आणि वर पोहोचल्याबरोबर परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते स्टेशनवर वाचून ठेवा, कारण बागेत गेल्यावर घड्याळाकडे लक्ष राहत नाही.